दोन दांड्यांमागची पणजी

अमरावती जिल्ह्यातल्या धामणगावच्या आमच्या घरी लोखंडी पेटीत एक जुनं खरेदीखत होतं. जाणकाराकडून मोडीतलं देवनागरीत उतरवून घेतलं, तरी अर्थ लागेना. जागोजागी नुसतं ‘मौ॥’, ‘रा॥’, ‘ता॥’.

लिहिणाऱ्याने शब्दाचं पहिलं अक्षर घालून पुढे दोन दांड्या मारल्या होत्या. हा त्या काळचा रिवाज. ‘मौ॥’ म्हणजे मौजे, गाव. ‘रा॥’ म्हणजे राहणार. ‘ता॥’ पुढे गावाचं नाव असेल तर तालुका, आकडा असेल तर तारीख. पण त्याच दांड्या आकड्यापुढे आल्या की अर्थ पालटतो. एक दांडी पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. आमच्या कागदावरचे ‘४२॥’ म्हणजे साडेबेचाळीस रुपये, बेचाळीस रुपये आठ आणे.

जुन्या कागदात धामणगाव तालुका शोधू नका. इथली गावं तेव्हा चांदूर तालुक्यात होती. ‘जि॥ ए॥’ दिसलं तर एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, हे ध्यानात घ्या. तो जिल्हा १९०५ साली अमरावतीत सामील झाला. आमच्या खतावर साल होतं ‘फ॥ १३००’, म्हणजे फसली, शेतसाऱ्याचं साल. दख्खनी फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणून हा व्यवहार १८९०-९१चा.

मग नावांकडे वळलो. ‘व॥’ म्हणजे वल्द, अमक्याचा मुलगा. ‘जौ॥’ म्हणजे जौजे, अमक्याची बायको. लिहून घेणाराच्या, म्हणजे खरेदीदाराच्या, जागी पणजोबांचं नाव आहे असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो. त्याच्या अलीकडे ‘जौ॥’ होतं आणि त्याच्याही अलीकडे पणजीचं नाव. शेत तिने घेतलं होतं! आमच्या वंशावळीत सगळे पुरुष. तिचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

खाली साक्षीदाराच्या सहीशी ‘द॥ खु॥’, दस्तुर खुद्द, म्हणजे स्वतःच्या हाताने. शेत देणाऱ्याला लिहिता येत नव्हतं. त्याच्या नावापुढे ‘नि॥ नांगर’ आणि शाईने काढलेला एवढासा नांगर. शेत देताना त्याने निशाणी नांगराचीच केली. त्या रेघांवरून माझी नजर बराच वेळ हलली नाही.

तुमच्या घरीही असा कागद असेल. त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. आधी फोटो काढा. मूळ अक्षर जसंच्या तसं उतरवा, अर्थ त्याखाली लिहा, आणि अंदाज असेल तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. ‘जौ॥’ दिसलं तर त्याच्या अलीकडचं नाव वंशावळीत नक्की लिहा.