'ब्लॅक डेलिया' : पुरावा किती, मसाला किती

१५ जानेवारी १९४७ रोजी लॉस एंजेलिसच्या लेमर्ट पार्क भागात, मोकळ्या प्लॉटवर 'ब्लॅक डेलिया' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २२ वर्षांच्या एलिझाबेथ शॉर्टचा मृतदेह सापडला. बोटांचे ठसे 'एक्झॅमिनर' दैनिकाच्या छायाचित्र पाठवणाऱ्या यंत्रावरून वॉशिंग्टनला गेले आणि एफबीआयने तासाभरात ओळख पटवली. या मदतीची किंमत दैनिकाने लगेच वसूल केली. वार्ताहराने तिच्या आईला फोन करून 'मुलगी सौंदर्यस्पर्धा जिंकली' अशी थाप मारली, हवी ती माहिती काढून घेतली आणि मगच खुनाची बातमी सांगितली. याला पत्रकारिता म्हणवत नाही.

त्याच महिन्यात 'एक्झॅमिनर'च्या नावे एक पाकीट आलं. पत्ता वर्तमानपत्रातली अक्षरं कापून चिकटवलेला. आत तिचा जन्मदाखला, फोटो आणि पत्त्यांची वही. वहीवर नाव मात्र दुसऱ्याच माणसाचं. सगळं पेट्रोलने पुसलेलं. हौशी शोधकांनी खरं तर इथे थांबून विचार करायला हवा. पण चर्चा घसरते ती तिच्या कपड्यांवर आणि चारित्र्यावर, म्हणजे तेव्हाच्या बातम्यांनी रंगवलेल्या चित्रावर. २००३ मध्ये स्टीव्ह होडेल या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने पुस्तक लिहून चक्क स्वतःच्या वडिलांना खुनी ठरवलं. न्यायालयात आजवर कोणावरही गुन्हा सिद्ध झालेला नाही.