अश्दोदच्या समुद्रात सकाळचे पोहणे



उन्हाळा लागला की आम्ही पाच-सहा पेन्शनर आठवड्यातून तीन सकाळी अश्दोदच्या लिदो किनाऱ्यावर पोहायला जातो. हे कळल्यापासून लोदचे, दिमोनाचे नातेवाईक भेटले की एकच प्रश्न विचारतात: ‘या वयात समुद्रात जाता, भीती नाही वाटत?’ आमचे उत्तर असे की पोहावे, अवश्य पोहावे, पण कोकणात आपण ज्या समुद्रात पोहायला शिकलो तो समुद्र हा नव्हे, एवढे समजून पोहावे.

अलिबाग-रेवदंड्याकडे समुद्र ओळखायचा तो भरती-ओहोटीवरून. तिथि पाहिली की पाणी केव्हा चढेल हे घरातली म्हातारी माणसेही सांगत. उधाणाच्या दिवसांत त्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांत चार-पाच मीटरचा फरक पडतो. म्हणून तर कुलाब्याच्या किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते व भरतीला होडी लागते. इथे तसे काही नाही. भूमध्य समुद्र चहूकडून जमिनीने वेढलेला, महासागराशी त्याचे दार म्हणजे जिब्राल्टरची सामुद्रधुनी, आणि ती सर्वांत अरुंद जागी सुमारे 14 किलोमीटर. त्यामुळे अश्दोदला भरती-ओहोटीचा फरक अर्ध्या मीटरच्याही आत असतो. आपल्या माणसाला हे पाणी गाय-गरीब वाटते ते यामुळेच. पण या किनाऱ्यावर माणसे बुडतात ती भरतीने नव्हे, झेरेमने.

झेरेम म्हणजे प्रवाह. लाटा एकामागून एक किनाऱ्याकडे पाणी आणून टाकतात. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूचा बांध असतो, त्याच्या अलीकडे हे पाणी साचते. साचलेल्या पाण्याला परत जायला वाट हवी. बांध जिथे तुटलेला किंवा खोल असेल तिथून ते सगळे एका अरुंद पट्ट्यातून जोराने बाहेर धावते. शेताचा बांध फुटला की पाणी कसे एका जागेतून निघते, तसेच. आता गंमत पहा: त्या पट्ट्यात पाणी खोल असल्यामुळे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये शांत, गडद रंगाचे पाणी. न जाणणाऱ्याला तीच जागा पोहायला उत्तम वाटते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एकांना ती तशीच वाटली. मूळचे रेवदंड्याचे, वय 78, आम्ही सारे त्यांना मामा म्हणतो. त्या दिवशी मत्सीलच्या, म्हणजे जीवरक्षकाच्या चौकीवर तांबडे निशाण होते. तांबडे म्हणजे मनाई नव्हे, जरा जपून, असा अर्थ आम्ही आपल्या सोयीने लावला. मामा त्या शांत पट्ट्यात उतरले आणि मिनिटाभरात किनारा लांब गेला. लहानपणापासूनची सवय, त्यांनी किनाऱ्याची दिशा धरून हात मारायला सुरुवात केली. हात मारीत होते आणि मागेच जात होते. दम लागला. मत्सील भोंग्यावरून ओरडत होता, ‘पोहू नका, पाठीवर पडा!’ मामांना वाऱ्यात ते ऐकू आले नाही, कारण कानातले यंत्र काढून पिशवीत ठेवलेले. शेवटी तो हसाके, म्हणजे त्यांची ती उभे राहून वल्हवायची फळी, घेऊन गेला आणि मामांना आणले. किनाऱ्यावर मामा पंधरा मिनिटे काही बोलले नाहीत.

चूक मामांची एकट्याची नव्हती. आम्ही पाचही जण ते निशाण पाहून उतरलो होतो.

जोराच्या झेरेमचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. ऑलिंपिकमधला पोहणाराही त्याच्या उलट फार वेळ टिकणार नाही, मग आपले काय? पण एक गोष्ट चांगली आहे. झेरेम माणसाला खाली ओढीत नाही, फक्त बाहेर नेतो, आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे त्याचा जोर संपतो. म्हणून त्यात सापडल्यास भांडू नये. पाठीवर पडावे, एक हात वर करून मत्सीलला दाखवावा, श्वास सांभाळावा. अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, उत्तरेला किंवा दक्षिणेला, सावकाश सरकावे आणि पट्टा संपला की मग फुटत्या लाटांबरोबर आत यावे. पाठीवर तरंगणे इथे सोपेही आहे, कारण या बाजूच्या भूमध्य समुद्रात लिटरमागे सुमारे 39 ग्रॅम मीठ असते, महासागरात सरासरी 35. समुद्रात उतरण्यापूर्वी हे तरंगणे कंबरभर पाण्यात नीट जमवून घ्यावे. लाटा अडवायला घातलेल्या दगडी बांधांच्या कडेनेही असाच प्रवाह वाहतो, तिकडे फिरकू नये.

निशाणांचा अर्थ आता आम्ही सोयीने लावीत नाही. पांढरे असले तर उतरतो. तांबडे म्हणजे धोका, त्या दिवशी आम्ही वाळूवर चालतो. काळे म्हणजे पूर्ण मनाई. निशाण मत्सील चढवतो, म्हणून तो चौकीवर येईपर्यंतही चालतोच. मत्सील नसलेल्या किनाऱ्यावर, कितीही सुंदर असो, पाय घालीत नाही. आदल्या रात्री हवामान खात्याचा लाटांचा अंदाज पाहतो. 50 सेंटिमीटरच्या वर लाट सांगितली असेल तर आम्हा म्हाताऱ्यांचा तो सुटीचा दिवस.

सकाळच का, तर त्याचे उत्तर कोकणातलेच आहे. आपले कोळी पहाटे मतलई वाऱ्यावर होड्या बाहेर काढीत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत येत. इथेही उन्हाळ्यात दिवस चढला की समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी खवळू लागते. सकाळी ते त्या मानाने निवांत असते, ऊनही डोक्यावर नसते. समुद्र इथेही पश्चिमेला, म्हणून परत येताना सूर्य डोळ्यांवर येतो. जाण्यापूर्वीच मागे वळून एखादी उंच इमारत ध्यानात ठेवावी.

पोहताना किनाऱ्याला समांतर पोहावे, छातीइतक्या पाण्यात, म्हणजे थकल्यावर उभे राहता येते. एकटे कधीही नाही. डोक्याला भडक रंगाची टोपी, कमरेला दोरीने बांधलेला नारिंगी मात्सोफ, म्हणजे तरंगता फुगा. तो मत्सीलला लांबून दिसतो आणि दम लागला तर धरताही येतो. हृदयाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, साखर असेल, तर आधी कुपात होलीमच्या डॉक्टरांना विचारावे. ऑगस्टमध्ये पाणी 29-30 अंश असते, फेब्रुवारीत 17 च्या आसपास. अशा थंड पाण्यात एकदम शिरले तर श्वास अडखळतो, हृदयावर ताण येतो. आम्ही सुक्कोथनंतर कपडे बांधून ठेवतो. काही भगिनी होफ निफ्रादला जातात, तिथे स्त्रियांचे दिवस वेगळे ठरलेले असतात.

राहिली मेदुझा. बिरड्याच्या रोजाआधीच्या आठवड्यांत या जेलीफिशांचे थवे किनाऱ्याला लागतात. ही जात मूळची इथली नाही, 1869 साली सुवेझचा कालवा झाला, त्या वाटेने तांबड्या समुद्राकडून आली. अंगाला लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवावे. गोडे पाणी नको, चोळणे नको, आणि आपल्या बायका सुचवतात तो व्हिनेगारही या जातीला नको, त्याने आग वाढते. श्वास लागला किंवा तोंड सुजले तर 101 ला फोन.

मामा म्हणतात, नवगावला गलबत फुटले तेव्हा आपले सात पुरुष व सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या, म्हणजे पोहणे आपल्या रक्तात आहे. आम्ही त्यांना आठवण देतो की त्याच किनाऱ्यावर बाकीच्यांची दोन मोठी थडगी आहेत. हल्ली ते कानातले यंत्र मत्सील खाली येऊन निशाणाचे सांगेपर्यंत काढीत नाहीत.