वहीत नसलेली माणसे

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांपाशी वंशावळीच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगावे, की पिढ्यांमागून पिढ्यांची नावे पुढे येतात! मात्र ज्याला मूलबाळ नाही, त्याच्या नावापाशी फांदी खुंटते. तो कसा जगला, त्याचा जीव कुणात गुंतला, हे लिहायला तिथे जागा नसते.

समलिंगी माणसांच्या इतिहासाची हीच अडचण आहे. आम्ही नंदुरबार जिल्ह्यातले लोक. न लिहिलेल्या वाङ्मयाची महती आम्हांस ठाऊक. सातपुड्यातल्या आदिवासींनी देवमोगरा मातेची कथा मुखोमुखी जपली. आजा गातो, नातू ऐकतो. पण समलिंगी मूल ज्या घरात जन्मते, तिथे बहुधा त्याची गोष्ट कुणालाच माहीत नसते. आजी त्याला रामाची सांगेल, शिवबाची सांगेल; त्याच्यासारख्याची कुठून सांगणार? ती त्याला परक्यांकडूनच मिळवावी लागते.

म्हणून ज्यांनी ती लिहून ठेवली, त्यांचे मोल मराठीचा मास्तर या नात्याने मला मोठे वाटते. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ काढले. पुण्यात २००२ साली ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी ‘मनाचिये गुंती’त अशांचे व त्यांच्या आप्तांचे अनुभव एकत्र आणले. तृतीयपंथीयांची बाजू लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ या आत्मकथनाने २०१२ साली मांडली.

हे सारे इतक्या उशिरा का? १८६० च्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम डोक्यावर होते. जो कागद आठवण, तोच पुरावा! मग पत्रे जपायची कुणी? ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले, तेव्हा कुठे तो धाक सरला.

कायदा बदलला, तरी ट्रंका आपल्याच माळ्यावर आहेत. एखादे एकटे राहिलेले काका, एखादी आत्या गेली, की आपण भांडी वाटून घेतो आणि कागद रद्दीत घालतो. प्रत्येक अविवाहित माणूस असाच असतो, असे मुळीच नव्हे. तरीही दिवाळीच्या आवराआवरीत पत्रांचे पुडके सापडले, तर ते टाकण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

आणि काका हयात असतील, तर फराळाला बोलवावे. त्यांचे दर सुट्टीत येणारे ते स्नेही हल्ली कुठे असतात, एवढेच पुसावे. खोदून विचारू नये. बोलले तर ऐकावे. नाव गुप्त ठेवा म्हणाले, तर ठेवावे.