कल्याणची 309 आणि तिची गाजलेली बहीण

कल्याण-शीळ रस्त्यावर ‘प्रीमियर मैदान’ म्हटलं की डोंबिवलीकरांना सभा आणि महोत्सवांची गर्दी आठवते. नाव मात्र आलं ते प्रीमियर ऑटोमोबाइल्सवरून. याच कंपनीने फ्रेंच प्यूजोशी भागीदारी केली आणि 1994 ते 1997 या काळात ‘कल्याण प्लांट’मधून प्यूजो 309 बाहेर पडली. प्रीमियरच्याच पद्मिनी गाडीची सवय झालेल्या घरांना ती परदेशातून आलेल्या पाहुणीसारखी वाटली असेल, पण तिची जुळणी कल्याणातच होत होती.

युरोपात या 309 ची एक तिखट आवृत्ती होती, जीटीआय. तिची तुलना कायम होते ती 205 जीटीआयशी, आणि ती व्हायलाच हवी, कारण दोघी एकाच घरातल्या. दोघींचा सांगाडा मुळात एकच. पाच दारांच्या 205 शेजारी 309 उभी करून पाहावी: दारं तीच, हुबेहूब. फरक सुरू होतो तो मागे. तिथे 309 ला फुगीर, वळवलेली मोठी काच आहे, आणि ती आवडायला थोडा वेळ द्यावा लागतो.

इंजिनही तेच: 1905 सीसी, 130 अश्वशक्ती. दोघीही ताशी 200 किलोमीटरच्या पुढे जात. 205 वजनाने हलकी, म्हणून जास्त चपळ. पण भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, की तिची मागची बाजू झटकन बाहेर फेकली जायची; याच खोडीने ती बदनामही झाली आणि लाडकीही. 309 ची पुढच्या-मागच्या चाकांमधली लांबी सुमारे 5 सेंटीमीटरने जास्त. त्यामुळे ती वळणात अधिक समतोल राहते आणि चालवणाऱ्याला सावरायला उसंत देते. निव्वळ चालवण्याच्या निकषावर कौल 309 कडेच जायला हवा. अनेक जाणकारांचं मतही तेच.

संग्रहाच्या बाजारात मात्र 205 कितीतरी पुढे. तिच्यामागे रॅलीचं वलय आहे. 205 टर्बो 16 मुळे 1985 आणि 1986 अशी लागोपाठ दोन जागतिक विजेतेपदं प्यूजोला मिळाली. ती स्पर्धेची गाडी आतून साफ वेगळी, इंजिन मध्यभागी आणि चारही चाकांना ताकद, पण चेहरा 205 चाच. तरण्याताठ्या पोरांच्या भिंतीवर पोस्टर लागलं ते तिचं. 309 चा जन्मच आडवाटेचा: ती टॅलबॉट या नावाने विकायची ठरली होती, 1985 मध्ये ऐनवेळी तिला प्यूजोचं नाव मिळालं.

कल्याणात जीटीआय बनलीच नाही. इथे आली ती 1360 सीसी पेट्रोल आणि 1527 सीसी डिझेल इंजिनं. कामगारांचा वाद आणि पैशांची चणचण यांत भागीदारी मोडली आणि सुट्या भागांसाठी मालकांची वणवण सुरू झाली. बऱ्याच गाड्या त्यातच भंगारात गेल्या. म्हणूनच धडधाकट उरलेली कल्याणी 309 मोलाची आहे. तिचं मोल वेगात शोधू नये. युरोपातली एक पिढी आपल्या शीळ रस्त्याला येऊन जोडली गेली, त्याचा तो पत्राच उरलेला पुरावा आहे.

हौशी माणसाला तिच्यात जीटीआयचं इंजिन बसवण्याचा मोह होईल. तो टाळलेला बरा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते ती पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच. 1995 साली नोंदलेली 309 त्या उंबरठ्यावर पोचेल 2045 मध्ये. तोवर तिला पावसाळ्याच्या ओलीपासून जपायचं, रबरी पट्ट्या बदलत राहायचं आणि मागची ती फुगीर काच फुटू द्यायची नाही.