आजार खानदानी असला तरी नशीब खानदानी नसतं

फुलसावंगीच्या चहाच्या टपरीवर असो की लग्नाच्या दस्तरख्वानावर, पन्नाशीतल्या माणसांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं, "आमच्या खानदानातच शुगर हाय. अब्बाले होती, चाचाले होती, आता मले बी होणारच. त्यात आपण काय करणार?" असं म्हणत दुसरा गुलाबजाम उचलला जातो. महागाव तालुक्यातलं आमचं हे गाव असो, उमरखेड असो की माहूर, हे वाक्य सगळीकडे सारखंच आहे.

हे वाक्य अर्धं खरं आहे. डायबिटीस, बीपी, हृदयविकार यांचा कल घराण्यातून येतो. पण "काय करणार" हा उरलेला अर्धा भाग चुकीचा आहे आणि त्यापायी माणसं वेळेआधी आजारी पडत आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना डायबिटीस आहे आणि साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या लोकांची जनुके काही एका पिढीत बदललेली नाहीत. बदललं ते आपलं राहणीमान. म्हणूनच जनुके म्हणजे काय, ती किती ठरवतात आणि आपल्या हातात किती उरतं, हे समजून घेऊ या.

जनुक म्हणजे बी, राहणी म्हणजे शेत

आपल्या प्रत्येक पेशीत आई-वडिलांकडून आलेली सुमारे 20 हजार जनुके असतात. एकेक जनुक म्हणजे शरीराला लागणारी एखादी वस्तू कशी बनवायची याची सूचना. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत सूचना त्याच असतात, तरी डोळा डोळ्याचं काम करतो आणि यकृत यकृताचं. कारण कुठे कोणती सूचना वाचायची आणि कोणती बंद ठेवायची, याची वेगळी व्यवस्था आहे.

शेतकऱ्याला हे पटकन कळेल. मोटार चालू आहे, पाइपात पाणी आहे, पण कोणत्या तुकड्याला किती पाणी जाणार हे व्हॉल्व्ह ठरवतो. जनुकांवरही असेच रासायनिक व्हॉल्व्ह असतात. त्यांपैकी सर्वांत जास्त अभ्यासलेला म्हणजे मिथाइल नावाची बारीकशी रासायनिक खूण. ती जनुकाच्या सुरुवातीला बसली की सहसा त्या जनुकाचं काम मंदावतं, निघाली की वाढतं. जनुकाची अक्षरं तीच राहतात, त्याचा वापर तेवढा बदलतो. या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात.

जुळ्या भावंडांचं उदाहरण घ्या. स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी 2005 साली हुबेहूब जुळ्यांच्या 40 जोड्या तपासल्या. या जुळ्यांची जनुके तंतोतंत सारखी असतात. लहानपणी त्यांच्या खुणाही जवळपास सारख्याच होत्या. मोठ्या वयाच्या जोड्यांत, विशेषतः वेगवेगळं आयुष्य जगलेल्यांत, त्या बऱ्याच वेगळ्या झाल्या होत्या. कपाशीच्या एकाच पाकिटातलं बी दोन शेतांत लावलं तर पीक सारखं येत नाही, तसंच हे.

एक पाय चालवला, एक बसवून ठेवला

व्यायामाने हे व्हॉल्व्ह खरंच हलतात का? स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने 2014 साली याचं उत्तर फार सोप्या युक्तीने शोधलं. 23 निरोगी तरुण-तरुणींना तीन महिने, आठवड्यातून चार वेळा, 45 मिनिटं सायकलचं पॅडल मारायला लावलं, पण फक्त एका पायाने. दुसरा पाय आरामात. माणूस तोच, जेवण तेच, झोप तीच, जनुकेही तीच. तीन महिन्यांनी दोन्ही मांड्यांचे स्नायू तपासले, तर व्यायाम केलेल्या पायात पाच हजारांच्या आसपास ठिकाणी मिथाइलच्या खुणा बदललेल्या आढळल्या. यातले अनेक बदल साखर आणि ऊर्जा वापरण्याशी आणि शरीरातल्या सूजेशी संबंधित जनुकांजवळ होते. बसून राहिलेल्या पायात तसं काही दिसलं नाही.

म्हणजे अब्बांकडून आलेली जनुके दोन्ही पायांत होती, पण फायदा चाललेल्या पायालाच झाला.

रोगप्रतिकारशक्ती पुडीत मिळत नाही

कोरोनाच्या काळात 'इम्युनिटी वाढवा' म्हणत किती पुड्या, काढे आणि गोळ्या विकल्या गेल्या, हे आपण पाहिलं. मुळात प्रतिकारशक्ती नुसती वाढवायची गोष्ट नाही. ती अति झाली तर शरीर स्वतःवरच हल्ला करतं; संधिवाताचे काही प्रकार असेच होतात. ती वेळेवर जागी झाली पाहिजे आणि काम झाल्यावर शांत झाली पाहिजे.

इथेही व्यायाम कामी येतो. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तात अशी द्रव्यं सोडतात जी शरीरातली जुनाट सूज कमी करायला मदत करतात. उलट पोटाच्या आत साठलेली चरबी सूज वाढवणारी द्रव्यं सोडत राहते. ही मंद, न दिसणारी सूजच डायबिटीस आणि हृदयविकाराला खतपाणी घालते. भरभर चालताना रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात जास्त संख्येने फिरू लागतात. रोज चालणं म्हणजे त्यांना रोज गस्तीवर पाठवणं.

वयाचं काय? छातीत थायमस नावाची एक ग्रंथी असते. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी तिथे तयार होतात आणि वयाबरोबर ती आक्रसत जाते. इंग्लंडमध्ये 2018 साली 55 ते 79 वयाच्या 125 सायकलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षं सायकल चालवणाऱ्या या मंडळींच्या रक्तात नव्या टी-पेशींचं प्रमाण जवळपास तरुणांइतकं होतं. त्याच वयाच्या, व्यायाम न करणाऱ्या लोकांत ते कमी होतं. सगळ्यांनी सायकलपटू व्हावं असं नाही. पण "आता वय झालं" हे बसून राहण्याचं कारण नाही, एवढं यातून नक्की कळतं.

झोप आणि खर्रा

रात्री एक-दोन वाजेपर्यंत मोबाईल, मग फजरला डोळा उघडत नाही किंवा अर्धवट झोपेत दिवस सुरू होतो. हे आता खेड्यातही सर्रास झालं आहे. इंग्लंडच्या सरे विद्यापीठाने 2013 साली 26 जणांना एक आठवडा रोज सहा तासांपेक्षा कमी झोपू दिलं. तेवढ्यानेच त्यांच्या रक्तातल्या 711 जनुकांचं काम वर-खाली झालं. त्यांत सूज आणि प्रतिकारशक्तीची जनुके होती. अमेरिकेत 2015 साली 164 जणांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडून पाहिलं. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली.

आता खर्रा. विदर्भात हे वेगळं सांगायला नको. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांमागे एक जण तंबाखू वापरत होता आणि त्यातले बहुतेक जण ती चघळणारे होते. तंबाखू आणि सुपारी, दोन्ही तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरतात. तंबाखू जनुकांवरही खुणा सोडते. सिगारेट ओढणाऱ्यांसह सुमारे 16 हजार लोकांच्या रक्ताचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला, त्यात धुराच्या खुणा हजारो जनुकांवर सापडल्या. पण सिगारेट सोडल्यावर पाचेक वर्षांत यातल्या बहुतेक खुणा पुसल्या गेल्या. काही मात्र तीस वर्षांनीही होत्या. म्हणजे सोडण्याचा फायदा आहेच, आणि जितकं लवकर तितका जास्त.

पुण्याजवळच्या सहा गावांनी काय शिकवलं

या विषयातलं जगभर मानलं गेलेलं काम आपल्याच महाराष्ट्रात झालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या महिलांचा अभ्यास सुरू केला. सातशेहून अधिक बाळं जन्मापासून मोजली गेली. इंग्लंडच्या बाळांचं सरासरी वजन साडेतीन किलो, तर आपल्या बाळांचं साधारण पावणेतीन किलो. पण एवढीशी बाळं, तरी अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक, आतून मेदयुक्त. सडपातळ माणसाला शुगर कशी झाली, या प्रश्नाचं एक उत्तर इथे मिळतं.

पुढे असं दिसलं की यातल्या जवळपास दोन तृतीयांश गरोदर मातांमध्ये ब-12 जीवनसत्त्व कमी होतं. ज्या मातांमध्ये ब-12 कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याची चिन्हं जास्त होती. मिथाइलच्या खुणा बनवायला ब-12 आणि फोलेट दोन्ही लागतात, म्हणून शास्त्रज्ञांचं लक्ष तिकडे गेलं. फोलेट हिरव्या पालेभाज्यांतून मिळतं. ब-12 दूध, अंडी, मांस, मासे यांतून.

"आम्ही तर गोश्त खातो" असं म्हणून यातून सुटता येत नाही. घरात गोश्त शिजतं तेव्हा आधी पुरुष आणि मुलगे जेवतात, आणि गरोदर सून शेवटी उरलेला रस्सा-भाकरी खाते, असं किती घरांत होतं? तिच्या ताटातल्या एका अंड्याचा आणि एक पेला दुधाचा संबंध येणाऱ्या पिढीच्या तब्येतीशी आहे. तिला पहिलं ताट वाढणं ही मेहरबानी नाही, तो तिचा आणि बाळाचा हक्क आहे.

जे बदलत नाही तेही सांगितलं पाहिजे

राहणीमानाने सगळंच बरं होतं असा दावा कुणी केला तर विश्वास ठेवू नका. विदर्भात सिकलसेल आहे. तो जनुकातलं अक्षरच बदलल्याने होतो. चालण्याने किंवा काढ्याने ते अक्षर दुरुस्त होत नाही. तिथे लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी आणि नियमित उपचार हाच मार्ग. तसंच, आपण चाललो म्हणून नातवाचा डायबिटीस आपोआप टळेल, असं सिद्ध झालेलं नाही. व्यायाम लसीची जागा घेत नाही, आणि शुगरची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करायची नसते, रमजानमध्येही नाही.

मग करायचं काय?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेल असं चालणं किंवा तेवढं श्रम सुचवते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. मुलांना रोज एक तास खेळ. ज्याचा दिवस कपाशीच्या शेतात वाकून जातो, त्याला वेगळ्या व्यायामापेक्षा पुरेशी झोप आणि पोषण जास्त हवं. पण दुकानात बसणारे, गाडी चालवणारे, दोनशे पावलांवरच्या मशिदीलाही मोटारसायकल काढणारे, यांनी स्वतःचा हिशोब करावा. फजरनंतर शेताच्या रस्त्याने चालून यायला पैसा लागत नाही. बायकांना एकट्याने चालणं अवघड वाटतं, तर चार जणींनी मिळून असरनंतर निघावं आणि घरच्या पुरुषांनी तेवढा वेळ पोरं सांभाळावीत. इशानंतर मोबाईल बाजूला ठेवावा. छातीत दुखत असेल किंवा जुना आजार असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारून करावी. घराण्यात शुगर असेल तर तिशीनंतर वर्षातून एकदा तपासणी करावी.

अब्बांकडून जमीन वारशाने मिळाली म्हणून कुणी ती पडीक ठेवत नाही. जनुकांचा वारसाही तसाच आहे. पुढच्या वेळी टपरीवर कुणी "खानदानातच हाय" म्हणालं, तर त्याला एवढंच सांगा, "म्हणून तर तुले जास्त चालावं लागते. चल, उठ."