तुरीचा दाणा आणि सेकंदाचा तीस हजारावा भाग

मेडशीच्या शिवारात दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघते. त्याच रानात ओळीने पेरलेली तूर मात्र मागे उभी राहते आणि जानेवारीच्या आसपास काढणीला येते. पुढे हा माल डाळमिलमध्ये जातो. विदर्भात डाळमिलसाठी अकोल्याचे नाव मोठे आणि मेडशी अकोला-वाशिम रस्त्यावरच आहे. तुरीचे रोप ते पोते हा प्रवास इथला शेतकरी डोळे मिटून सांगेल. पण तुरीची शेवटची पारख कॅमेरा करतो आणि ती चांगली की वाईट हे एका आकड्यावर ठरते, हे त्याच्यापर्यंत फारसे पोचलेले नाही.

घसरत्या डाळीची निवड

साल निघून डाळ भरडली गेली, की ती सॉर्टेक्समध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने दाणे निवडणाऱ्या यंत्रात येते. वरच्या हॉपरमधून ती थरथरत्या ट्रेवर पडते आणि तिथून उतरत्या पन्हाळीवरून एकेरी थरात घसरते. खाली दोन्ही बाजूंनी कॅमेरे रोखलेले असतात. काळा दाणा, साल राहिलेली डाळ किंवा खडा दिसला, की काही मिलिसेकंदांत हवेचा बारीक झोत सुटतो आणि तेवढाच दाणा बाजूला उडतो.

असा कॅमेरा एका वेळी एकच बारीक रेघ टिपतो. अशा असंख्य रेघा एकाखाली एक जोडून चित्र तयार होते. प्रत्येक रेघेसाठी सेन्सर जितका वेळ प्रकाश गोळा करतो, तो एक्स्पोजर टाइम. पिक्सेल म्हणजे जणू घागर. वेळ कमी पडला तर ती तळाशीच राहते, जास्त झाला तर ओसंडते. ८ बिटच्या कॅमेऱ्यात ओसंडण्याची ही मर्यादा २५५ आहे. तेल-पाण्याने चकाकणारी डाळ २५५ला टेकली, की तिच्यावरचा फिका डाग त्या उजेडातच हरवतो.

वेळ ठरतो दाण्याच्या वेगावरून

चित्र उजळ दिसावे म्हणून वेळ वाढवत नेणे हा सहज सुचणारा, पण चुकीचा मार्ग आहे. अर्धा मीटर मोकळा पडलेल्या दाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर होतो. म्हणजे एका मिलिसेकंदात तो ३ मिलिमीटर सरकतो. डाळीचा आकारच जेमतेम ४-५ मिलिमीटर. तेवढ्या वेळात तिच्यावरचा काळा ठिपका पसरून पुसट होणार. ०.१ मिलिमीटरचा बारकावा हवा असेल, तर एका रेघेला सुमारे ३३ मायक्रोसेकंद मिळतात, म्हणजे सेकंदाचा तीस हजारावा भाग. एक्स्पोजर त्याहून मोठा ठेवता येत नाही.

म्हणून क्रम असा: आधी दाण्याच्या वेगावरून वेळ, मग त्या वेळेला पुरेल एवढा प्रकाश आणि सर्वांत शेवटी गेन, म्हणजे सेन्सरचा सिग्नल वाढवणे. वेळ निम्मा केला तर प्रकाश दुप्पट हवा. गेनने चित्र उजळते खरे, पण त्याबरोबर सेन्सरचा खरखरीतपणाही वाढतो आणि निर्दोष डाळीवर नसलेले ठिपके उमटतात.

प्रकाशही स्थिर असावा लागतो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने साध्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण ३३ मायक्रोसेकंदांच्या कॅमेऱ्याला एक रेघ उजळ आणि थोड्या अंतराने दुसरी मंद दिसते. त्यामुळे इथे डीसी पुरवठ्यावरचे एलईडी दिवेच उपयोगाचे.

धुळीचा हिशेब

डाळमिलमध्ये धूळ आणि भुसा ठरलेलाच. तो काचेवर साचला, की सगळी डाळ काळवंडलेली दिसू लागते आणि चांगला मालही रिजेक्टमध्ये जातो. तेव्हा एक्स्पोजर वाढवू नये. काच पुसावी, पांढरी पट्टी समोर धरून यंत्राचे कॅलिब्रेशन तपासावे आणि चालत्या डाळीवरच खात्री करावी, कारण थांबलेल्या दाण्यावर प्रत्येक सेटिंग बरोबर वाटते. रिजेक्टचे पोते रोज उघडून त्यात चांगली डाळ किती गेली हे पाहणे, ही या सेटिंगची खरी परीक्षा.

रिजेक्टमधली डाळ बहुतेक वेळा चुनीच्या भावाने जनावरांच्या खाद्यात जाते. शेतात कीड आणि अवकाळी पावसातून वाचवलेला दाणा शेवटच्या पायरीवर एक्स्पोजरच्या चुकीच्या आकड्यामुळे वाया जाणे मला फार खटकते. ही यंत्रे चालवण्याचे, त्यांची निगा राखण्याचे काम मेडशी परिसरातल्या आयटीआय शिकलेल्या मुलामुलींनी हाती घ्यावे. वेग, प्रकाश आणि वेळ यांचे हे गणित शाळेतल्या भागाकाराहून अवघड नाही, आणि ज्याने तूर पिकताना पाहिली आहे, तो रिजेक्टच्या पोत्याकडे दुर्लक्ष करणार नाही.