नदी देईल तेवढेच दिवस

पूर्व झांबियात लुआंग्वा नदीच्या काठावर दरवर्षी मे-जूनच्या सुमारास माणसे कामाला लागतात. पुराखाली गेलेल्या वाटा मोकळ्या करायच्या, वाळू सारखी करायची, लाकडी मेढी रोवायच्या, बोरूच्या ताट्या बांधायच्या, जेवणाच्या मांडवावर गवत शाकारायचे. काही आठवड्यांत मोजक्या तंबूंचा एक मुक्काम उभा राहतो. नोव्हेंबरात ढग भरून आले की हाच मुक्काम उतरवायला सुरुवात होते. तंबू गुंडाळून ट्रकमध्ये चढतात, मेढी उपटल्या जातात. गवत आणि शेकोटीची राख तेवढी मागे राहते आणि पुढच्या पुरात तीही वाहून जाते.

आफ्रिकेत सफारी म्हटले की आपल्याकडे केनिया आणि टांझानियाचीच नावे निघतात. झांबियातले दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान त्या मानाने मराठी पर्यटकाच्या नकाशावर नाही, आणि याचे मला वाईट वाटते. उद्यानाचे क्षेत्र ९,०५० चौरस किलोमीटर. राजधानी लुसाकाहून छोट्या विमानाने म्फुवे या गावी उतरायचे आणि तिथून उघड्या जीपने नदी ओलांडून आत शिरायचे. पश्चिमेला मुचिंगाचा कडा उभा आहे, पूर्वेला वस्ती आणि शेती, आणि मधून सुमारे ७७० किलोमीटर लांबीची लुआंग्वा झांबेझीला मिळायला निघालेली. तिच्या मुख्य प्रवाहावर मोठे धरण नाही. न्डेवू घळीत ते बांधायची योजना होती, ती सरकारने २०१९ मध्ये थांबवली. त्यामुळे नदी अजून आपल्या मर्जीने वाहते. दर पावसाळ्यात काठ कापते, वळण सोडून सरळ जाते, आणि सोडलेल्या वळणाचे अर्धचंद्राकृती तळे होते. काठावर पक्की इमारत बांधली तर ती काही वर्षांत पाण्यात जाऊ शकते. पावसात इथली काळी माती अशी चिकट होते की आतल्या भागातले रस्ते महिनोन्‌महिने बंद असतात. काळ्या रानातून पावसाळ्यात बैलगाडी काढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. दरवर्षी मोडायचा आणि दरवर्षी बांधायचा मुक्काम ही इथे कुणाची हौस म्हणून सुरू झालेली नाही. नदीने दुसरा मार्गच ठेवलेला नाही.

तंबू खरोखर तंबूच असतो. जाड कॅनव्हास, पुढे-मागे जाळीची दारे, आत पलंग, मच्छरदाणी, टेबलावर पाण्याचा जग. मागच्या दाराने बाहेर पडले की ताट्यांनी आडोसा केलेली, वर छप्पर नसलेली न्हाणी. झाडाच्या फांदीवरून दोर आणि कप्पीने एक बादली टांगलेली असते, तिच्या बुडाला झारीचे तोंड. अंघोळीची वेळ आधी सांगून ठेवायची. मग लाकडांवर तापवलेले पाणी कुणीतरी आणून बादलीत ओततो आणि ती वर ओढून देतो. तोटी उघडून अंग भिजवायचे, तोटी बंद करून साबण लावायचा, उरलेल्या पाण्यात धुवायचा. दिवसभराच्या धुळीनंतर ती एक बादली पुरते, आणि डोक्यावर संध्याकाळचे आकाश असते. स्वयंपाक निखाऱ्यांवर होतो. भट्टी म्हणजे लोखंडी पेटी: खाली विस्तव, झाकणावर विस्तव, आणि आत पाव. त्यातून निघालेला ताजा पाव लोणी लावून खाताना दुसरे काही नको वाटते. विजेच्या जागी सौरदिवे आणि कंदील.

आणि कुंपण नसते. नवख्या माणसाला ही गोष्ट पहिल्या संध्याकाळपर्यंत पटत नाही.

लुआंग्वात पाणघोड्यांची दाटी आफ्रिकेत क्वचितच कुठे असेल इतकी आहे. दिवसभर ते डोहात एकमेकांना खेटून पडलेले असतात आणि त्यांचे घुरघुरणे, फुरफुरणे चाललेले असते. अंधार पडला की चरायला काठ चढून येतात. एक पाणघोडा रात्रीत चाळीस किलोपर्यंत गवत खातो, आणि त्यातले काही गवत तुमच्या तंबूच्या कडेला उगवलेले असते. झोपेतून जाग येते ती ओठांनी गवत उपटण्याच्या आवाजाने. कॅनव्हासच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, दीड टनाचे जनावर शांतपणे जेवत असते. हत्ती येतो तेव्हा पावलांचा आवाज जवळजवळ होतच नाही. फांदी मोडते, पोटातली गुरगुर ऐकू येते, तेव्हा कळते. बिबट्याचा आवाज करवतीने लाकूड कापल्यासारखा. सिंहाची डरकाळी शांत रात्री आठ किलोमीटरपर्यंत पोहोचते, त्यामुळे ती ऐकू आली म्हणजे सिंह दारात आहे असे नाही, हे मनाला समजावून सांगावे लागते.

नियम थोडे आहेत आणि ते काटेकोर पाळावे लागतात. अंधार पडल्यावर शेकोटीपासून तंबूपर्यंत एकट्याने चालायचे नाही; पहारेकरी बॅटरी घेऊन सोबत येतो. तंबूत खाण्याची कोणतीही वस्तू ठेवायची नाही. एकदा चेन लावली की उजाडेपर्यंत बाहेर पडायचे नाही. अडीअडचणीला शिट्टी किंवा भोंगा उशाशी असतो. बंद तंबू जनावरांच्या लेखी वाटेतला एक अडथळा असतो आणि सहसा ती त्याला वळसा घालून जातात. भीती वाटते का? वाटते, आणि वाटावी. पण त्या भीतीने माणूस आकसत नाही, कान उघडतात. आपल्याला इतके बारीक ऐकू येते हे शहरात विसरलेले असते. ताडोबा-मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून ज्यांनी प्राणिगणना केली आहे, त्यांना ही रात्र ओळखीची वाटेल. मात्र इथे मचाण नाही. आपण आणि जनावर एकाच जमिनीवर.

पहाटे उजाडायच्या आत तंबूबाहेरून हाक येते. शेकोटीवर मक्याच्या पिठाची लापशी, चहा, आणि सहाच्या सुमारास पायी निघायचे. यासाठीच लुआंग्वाला यावे. ताडोब्यात पर्यटकाला गाभा क्षेत्रात पायी फिरता येत नाही. इथे पायी फिरणे हेच मुख्य. पुढे वन्यजीव खात्याचा बंदूकधारी स्काउट, त्याच्यामागे गाइड, मग एका ओळीत पाहुणे, आणि शेवटी चहाचे सामान घेतलेला माणूस. बोलायचे नाही. काहीही झाले तरी पळायचे नाही. गाइड मध्येच राखेची पुरचुंडी झटकून वारा कुठला आहे ते पाहतो, कारण हत्तीची नजर बेताची असली तरी नाक विलक्षण आहे.

जीपमध्ये बसलेल्या माणसांकडे सिंह ढुंकून पाहत नाही. गाडीचा आकार त्याच्या सवयीचा झालेला असतो. दोन पायांवर चालणाऱ्या माणसाचा आकार मात्र त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणीत धोक्याचा आहे. तोच सिंह लांबूनच उठतो आणि निघून जातो. म्हणून पायी फिरताना मोठी जनावरे जवळून पाहण्याचा आग्रह धरू नये. त्याऐवजी जमीन वाचायला मिळते. रात्री तंबूमागून कोण गेले त्याचे ठसे; हत्तीच्या लिदीत अर्धवट पचलेल्या बाभळीसारख्या शेंगा, ज्यांच्या बिया त्या पोटातून फिरून आल्यावर जास्त चांगल्या रुजतात; वारुळाच्या सावलीत झोपून गेलेल्या कुणाच्या तरी अंगाची खूण. पुकू हरणाची शिट्टी ऐकली की गाइड थांबतो आणि हरणे कुठे पाहताहेत तिकडे पाहतो. लांब भोपळ्यांसारखी फळे लोंबणारे किगेलिया झाड आपल्या शहरांतल्या बागांत शोभेला लावलेले असते. इथे त्याची गळलेली मरून फुले खायला हरणे त्याच्याखाली जमतात. आणि एका वळणावर चक्क चिंच उभी असते. आपण जिला घरची समजतो ती मूळची आफ्रिकेची. तिच्या सावलीत, बबूनांनी अर्धवट खाऊन टाकलेल्या चिंचांशेजारी, नऊच्या सुमारास किटलीतला चहा पिताना मला फार आनंद झाला.

पायी सफारी ही पद्धतच या खोऱ्यात रुजली. १९५० साली, हा देश ब्रिटिशांचा उत्तर ऱ्होडेशिया असताना, नॉर्मन कार नावाच्या गेम रेंजरने कुंडा लोकांचे प्रमुख न्सेफू यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. तुमच्या जमिनीचा एक भाग जनावरांसाठी राखा, तिथे शिकारी नव्हे तर नुसते पाहायला येणारे लोक आणू, आणि मिळणारे पैसे तुमच्या लोकांना जातील. तोवर जंगली जनावर म्हणजे गावकऱ्याच्या वाट्याला फक्त पिकाची नासाडी, आणि शिकारीचा मान गोऱ्यांचा. न्सेफूंनी होकार दिला आणि सहा गोल झोपड्यांचा मुक्काम उभा राहिला. पुढे १९६० च्या दशकात कार यांनी पर्यटकांना घेऊन पायी फिरायला सुरुवात केली. इतिहासात कार यांचेच नाव ठळक लिहिले जाते. माझ्या मते मोठा निर्णय न्सेफूंचा होता, कारण जमीन त्यांच्या लोकांची होती आणि पणाला लागले होते ते त्यांचे. १९७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा नदीच्या पूर्वेचा हा न्सेफू भागही त्यात आला.

त्यानंतरची दोन दशके वाईट गेली. खोऱ्यात हजारोंनी असलेले काळे गेंडे शिंगांसाठी मारले गेले, हस्तिदंतासाठी हत्तींचे कळपच्या कळप गेले. १९९८ मध्ये झांबियात काळा गेंडा उरला नसल्याचे जाहीर झाले. २००३ मध्ये शेजारच्या उत्तर लुआंग्वा उद्यानात बाहेरून पाच गेंडे आणून सोडले, आणि तिथे ते पुन्हा वाढू लागले. हत्ती सावरले. बिबट्यांसाठी तर हे खोरे आता प्रसिद्ध आहे, कारण इथे रात्रीच्या जीपफेरीलाही परवानगी आहे. फक्त याच खोऱ्यात आढळणारा थॉर्निक्रॉफ्ट जिराफ टिकून आहे.

नदीच्या पूर्वेला कुंडा लोकांची गावे आहेत, आणि त्यांच्या आणि जंगलाच्या मध्येही कुंपण नाही. मका तयार झाला की हत्ती रात्री नदी ओलांडतात. वर्षाचे धान्य एका रात्रीत जाते, कधी माणूसही जातो. शेतकरी मिरचीची धुरी करतात, रात्रभर जागतात. तंबूत झोपून हत्तीचा आवाज ऐकणे आपल्यासाठी आनंदाचे आहे. त्याच वेळी पलीकडच्या काठावर कुणीतरी तोच आवाज ऐकून शेताकडे धावत असते. म्हणून तुमचा गाइड, आचारी, बादली भरून देणारा माणूस याच गावांतला असणे महत्त्वाचे आहे. मुक्काम ठरवताना हा प्रश्न जरूर विचारावा. अलीकडे खोऱ्यात वातानुकूलित खोल्या आणि खासगी तरणतलाव असलेली ठिकाणेही झाली आहेत. एवढ्या लांब येऊन काचेआड बसण्यात काय हशील, मला समजत नाही.

जून-जुलैत रात्री कडाक्याच्या थंड असतात, स्वेटर-टोपी न्यावीच. पण त्या दिवसांत आपल्याकडे मे महिन्यात क्षितिजालगत दिसणारा त्रिशंकू इथे चांगला डोक्याकडे चढलेला दिसतो. ऑगस्टअखेरीस किरमिजी वेडे राघू येतात आणि नदीच्या उभ्या काठात शेकडो बिळे करून घरटी घालतात. ऑक्टोबरात पारा चाळीसच्या वर जातो, अंगाची लाही होते, पण उरलेल्या पाण्यावर सारे जंगल गोळा होते. जनावरे पाहायची तर हाच महिना. निळे आणि काळे कपडे टाळावेत, त्सेत्से माशी त्यांच्याकडे ओढली जाते. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. शाकाहारी असल्यास आधी कळवावे, कारण सामान दुरून येते. पायी फेरीला बारा वर्षांखालच्या मुलांना सहसा घेत नाहीत.

आतले मुक्काम महाग आहेत, हे खरे. ज्यांना तेवढे परवडत नाही त्यांच्यासाठी म्फुवेच्या बाजूला, उद्यानाच्या फाटकाजवळ, नदीकाठी स्वतःचा तंबू टाकायच्या जागा आहेत. तिथून रोज जीपने आत जाता येते. तिथेही कुंपण नसते, आणि गाडीत फळे ठेवू नका असे तिथला पहारेकरी आल्या आल्या बजावतो. वासावर आलेला हत्ती गाडीचे दार सोंडेने ओढून काढतो.